परमुलखातली नोकरी: करारापासून शेवटच्या पगारापर्यंत आपला हक्क कसा राखायचा

दुसऱ्या देशात कामाला गेलेल्या माणसाचा पगार अडकला की त्याचा पहिला प्रश्न असतो, "कायदा माझ्या बाजूनं आहे का?" बहुतेक वेळा असतो. गाडी अडते ती पुढच्या प्रश्नांपाशी. कामावर कधीपासून आहात? रोज किती तास? शेवटचा पगार कुठल्या तारखेला, किती आणि कुणी दिला? आणि हे दाखवायला हातात काय आहे?

कामगारांचे तक्रारअर्ज लिहून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. अर्ज लिहायला अर्धा तास पुरतो. या प्रश्नांची उत्तरं जुळवायला मात्र कधीकधी महिने जातात, आणि तोवर व्हिसा संपलेला असतो. म्हणून नुसते हक्क न सांगता, निघण्याच्या आधीपासून ते परत येईपर्यंत काय काय करायचं ते मी इथे क्रमानं लिहिते आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये जगभरात सुमारे १६ कोटी ७७ लाख माणसं परदेशात काम करत होती किंवा काम शोधत होती. त्यांतल्या कुणालाही लागू पडेल असंच यात घेतलं आहे. जिथे देशागणिक नियम बदलतो, तिथे त्या देशाचं नाव दिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. खाली ज्या आंतरराष्ट्रीय करारांचा उल्लेख येईल, ते करार ज्या देशांनी मंजूर केले त्यांनाच बांधतात. स्थलांतरित कामगारांसाठीचा सगळ्यात मोठा करार संयुक्त राष्ट्रांनी १८ डिसेंबर १९९० रोजी स्वीकारला आणि तो १ जुलै २००३ पासून अमलात आला. पण आखाती देश, पश्चिम युरोप, अमेरिका यांपैकी कुणीही त्याला मंजुरी दिलेली नाही, आणि माणसं कामाला जातात ती प्रामुख्यानं तिकडेच. तेव्हा करार माहीत असावेत, पण अर्जात कलम टाकायचं ते तुम्ही जिथे काम करता त्या देशाच्या कामगार कायद्याचं.

एजंटाला पैसे देण्याआधी

नोकरी लावून देण्याबद्दल कामगाराकडून पैसे घेऊ नयेत, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या खासगी रोजगार संस्थांविषयीच्या करारात, म्हणजे क्रमांक १८१ मध्ये, स्पष्ट लिहिलं आहे. (पुढे करारांचे जे क्रमांक येतील, ते याच संघटनेच्या करारांचे.) 'पैसे' म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या २०१९ मध्ये ठरली. तीत वैद्यकीय तपासणी, व्हिसा, प्रवास, प्रशिक्षण, कागदपत्रांचा खर्च असं सगळं येतं. म्हणजे "कमिशन घेत नाही, फक्त व्हिसाचा खर्च घेतो" ही पळवाट त्या व्याख्येत बसत नाही. प्रत्यक्षात अनेक देशांचे कायदे ठरावीक रकमेपर्यंत घ्यायची मुभा देतात. हाँगकाँगमध्ये एजन्सीला पहिल्या महिन्याच्या पगाराच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. तुमच्या बाबतीत ही मर्यादा किती, ते दोन्ही देशांच्या कामगार खात्यांकडून काढून घ्या. एजंटाला विचारू नका.

पैसे द्यावेच लागले तर बँकेतून द्या. रोखच हवे म्हणून अडून बसला, तर दिल्यावर लगेच, त्याच्यासमोर उभं असतानाच, त्याला एक मेसेज टाका: "आज तारीख अमुक, तुम्हाला व्हिसा आणि तिकिटासाठी एवढे रोख दिले. मिळाले ना?" त्याचं नुसतं "हो" आलं तरी पुढे ते पावतीचं काम करतं. एजन्सीच्या परवान्याचा क्रमांक, कार्यालयाच्या पाटीचा फोटो आणि ज्याच्या हातात पैसे दिले त्याचं पूर्ण नाव, हेही त्याच दिवशी टिपून ठेवा.

कर्ज काढून जाणार असाल तर घरी बसूनच एक हिशोब करा. मिळणाऱ्या पगारातून राहण्या-खाण्याचा खर्च वजा केल्यावर ते कर्ज किती महिन्यांत फिटेल? करार दोन वर्षांचा आणि कर्ज फिटायला दीड वर्ष, असं निघालं तर पहिलं दीड वर्ष तुम्ही कुठल्याही अन्यायाला "नाही" म्हणू शकणार नाही. वेठबिगारीची लक्षणं म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं जी ११ चिन्हं ठरवली आहेत, त्यांत कर्जाचं बंधन आहे ते यासाठीच.

करार: सही करण्याआधी काय वाचायचं

करार तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मागा. मिळाला नाही तर दुसऱ्या कुणाकडून, एजंटाच्या माणसाकडून नव्हे, ओळीओळीनं समजून घ्या. मालकाचं किंवा कंपनीचं पूर्ण नाव, कामाचा प्रकार, कामाची जागा, मूळ पगार आणि भत्ते वेगवेगळे, तास, आठवड्याची सुट्टी, ओव्हरटाईमचा दर, कपात कशाकशाची, राहण्याची सोय कुणाची, परतीचं तिकीट कुणाचं, आणि नोटीस किती दिवसांची, एवढं त्यात असलंच पाहिजे.

यातल्या 'मूळ पगार आणि भत्ते वेगवेगळे' याकडे नीट बघा. ओव्हरटाईम, रजेचा पगार, काम सोडतानाची ग्रॅच्युइटी या गोष्टी बऱ्याच देशांत मूळ पगारावर मोजतात. एकूण आकडा तेवढाच दिसतो, पण मूळ पगार निम्मा आणि बाकी भत्ते अशी मांडणी असली, तर शेवटी हातात येणारी रक्कम बरीच खाली येते. सही करताना हा फरक कुणी समजावून सांगत नाही.

दुसरी मोठी फसवणूक म्हणजे करार बदलणं. निघताना एका पगारावर सही, पोचल्यावर दुसरा कागद पुढे: "इथल्या सरकारसाठी लागतो, कर सही." त्या कागदावर पगार कमी, काम वेगळं. यावर एकच उपाय बऱ्यापैकी चालतो. पहिल्या कराराच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि निघण्याआधी तो घरच्यांना पाठवा. स्वतःलाही ईमेल करा, म्हणजे फोन हरवला किंवा काढून घेतला तरी करार राहील. ईमेलवर तारीख आपोआप पडते, आणि पहिला कागद कुठला होता हे त्यावरून दाखवता येतं. सिंगापूरमध्ये वर्क परमिटच्या तत्त्वतः मंजुरीपत्रात पगार छापलेला असतो. ते पत्र जपून ठेवा. युरोपीय संघात २०१९ च्या निर्देशाप्रमाणे पगार, तास, कामाची जागा अशी मुख्य माहिती काम सुरू झाल्यापासून ७ दिवसांत मालकानं लेखी द्यायची असते.

कोऱ्या कागदावर सही कधीही करू नका. "नंतर भरतो" म्हणून घेतलेली सही पुढे राजीनामा होते, नाहीतर "सगळे पैसे मिळाले" असा कबुलीजबाब.

पासपोर्ट

पासपोर्ट तुमचा आणि तो देणाऱ्या सरकारचा. मालकाचा नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या कराराचं २१ वं कलम म्हणतं, की कायद्यानं अधिकार दिलेल्या सरकारी अधिकाऱ्याशिवाय कुणीही ओळखपत्रं जप्त करणं बेकायदा आहे. अनेक देशांच्या स्वतःच्या कायद्यांतही हीच तरतूद आहे. व्हिसाच्या नोंदणीसाठी मालकाला काही दिवस पासपोर्ट लागू शकतो, तेव्हा द्या. पण देताना मेसेज टाका: "नोंदणीसाठी आज पासपोर्ट दिला, कधी परत मिळेल?" तारीख उलटली की त्याच मेसेजखाली परत मागा. पासपोर्ट, व्हिसाचा शिक्का, वर्क परमिट आणि निवासपरवाना, सगळ्यांच्या दोन्ही बाजूंचे फोटो पहिल्याच दिवशी घरी पाठवून ठेवा. मालक पासपोर्ट देतच नसेल तर वाद घालत बसण्यापेक्षा आपल्या दूतावासात आणि स्थानिक पोलिसांत किंवा कामगार खात्यात लेखी कळवा.

वही

या लेखातलं एकच काम करणार असाल, तर ते हे करा. खिशात मावेल अशी एक वही घ्या. फोनमधलं अॅपही चालेल, पण कामाच्या जागी फोन जमा करून घेतात, बिघडतो, चोरीला जातो. कागदाची वही आणि आठवड्यातून एकदा त्या पानाचा फोटो, असं दोन्ही ठेवलेलं उत्तम.

रोज झोपण्याआधी एक ओळ. तारीख. कामावर पोचल्याची वेळ आणि सुटल्याची वेळ. मधली सुट्टी किती. जागा कुठली. सुपरवायझर कोण. आणि काही वेगळं घडलं असेल तर तेवढं. ओळ अशी दिसते:

"१४, मंगळवार. सकाळी ५.४० गाडीत, ६.२० साईटवर, संध्या. ६ ला सुटलो. जेवण ३० मिनिटं. तिसरा मजला, शटरिंग. सुपरवायझरनं सांगितलं, शुक्रवारी पण यायचं."

ही एक ओळ किती काम करते पाहा. गाडीची वेळ वेगळी लिहिली आहे, कारण काही ठिकाणी मालकानं ठरवलेल्या गाडीतला वेळ कामाचा धरायचा की नाही, यावर निर्णय फिरतो. मजला आणि काम लिहिलं आहे, कारण "हा आमच्याकडे नव्हताच" असं कंपनी म्हणाली, तर त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर शटरिंग चाललं होतं हे तिच्याच नोंदींत सापडतं. सुट्टीच्या दिवशी कुणी बोलावलं तेही आलं.

वही रोजची असली, शाई आणि अक्षर दिवसागणिक बदलत गेलेलं असलं, मधे पाणी सांडलेलं पान असलं, की समोरच्याला ती खरी वाटते. अशा एका वहीवर अधिकारी बोट फिरवत बसला होता. सहा महिन्यांत दोन दिवस कोरे दिसले, म्हणून त्यानं विचारलं. माणूस म्हणाला, "ताप होता, गेलो नाही. त्याचे पैसे नाही मागत मी." तिथून पुढे त्या अधिकाऱ्यानं तासांवर वाद घातला नाही. एका बैठकीत लिहिलेली, सगळीकडे सारखीच "८ ते ८" अशी वही मात्र फारशी टिकत नाही. म्हणून विसरलेला दिवस मागाहून अंदाजानं भरू नका. कोरा सोडा.

वहीच्या जोडीला साक्ष देणाऱ्या बारीकसारीक गोष्टी ठेवा. हजेरीच्या पाटीचा फोटो, नाव आणि कंपनी छापलेला गेटपास, गणवेशावरचं नाव, कामाचा ग्रुप असलेल्या व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट, पगार जमा झाल्याचे बँकेचे मेसेज, फोनमधली लोकेशनची नोंद. सहकाऱ्यांचे मायदेशातले फोन नंबर घेऊन ठेवा, कारण इथले नंबर करार संपला की बंद होतात. एक सावधगिरी हवीच: काही देशांत परवानगीशिवाय कुणाचा आवाज किंवा चेहरा टिपणं गुन्हा आहे, संयुक्त अरब अमिरातीत तर आहेच. तिथे माणसांचा व्हिडिओ काढू नका आणि कंपनीविरुद्ध समाजमाध्यमावर काही टाकू नका. तक्रार राहते बाजूला आणि खटला तुमच्यावरच होतो. कागदाचे, पाटीचे, जागेचे फोटो काढायलाही कामाच्या ठिकाणी मनाई आहे का ते पाहा.

पगार आणि कपात

पगार मोजताना महिन्याचा आकडा न बघता तास बघा. समजा करारात दिवसाला ८ तास, आठवड्याला ६ दिवस, म्हणजे ४८ तास आहेत. प्रत्यक्षात रोज १० तास होतात. आठवड्याला १२ तास जास्त, महिन्याला सरासरी ५२. म्हणजे दर महिन्याला कराराच्या एका आठवड्याहूनही जास्त काम फुकट. "दोनच तास तर" म्हणून सोडून दिलेलं एवढं होतं. उद्योगधंद्यांत दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अगदी पहिल्या करारातली, १९१९ सालची आहे, आणि जादा तासांना किमान सव्वापट दर द्यावा हेही त्यातच लिहिलं आहे. त्या हिशोबानं वरच्या ५२ तासांचे ६५ तासांइतके पैसे होतात. बऱ्याच देशांत दर याहून जास्त, दीडपटही आहे.

पगाराची पावती दर महिन्याला मागा. पावतीवर 'इतर' किंवा 'किरकोळ' अशा नावाची कपात दिसली, तर ती कशाची हे लेखी विचारा. कर आणि सामाजिक सुरक्षेचा हप्ता या कायदेशीर कपाती. राहण्याची कपात करारात लिहिलेली असेल आणि तिथला कायदा परवानगी देत असेल तरच. नोकरी लावल्याबद्दल मालक किंवा दलाल पगारातून पैसे कापत असेल, तर १९४९ च्या वेतनसंरक्षण करारात, क्रमांक ९५ मध्ये, त्याला थेट बंदी आहे. पगार कुठे खर्च करायचा हे मालकानं ठरवू नये, हेही त्यात आहे. म्हणजे कंपनीच्याच दुकानातून सामान घ्यायची सक्ती करता येत नाही.

बँकेतून पगार देणं अनेक ठिकाणी सक्तीचं झालं आहे. अमिरातीत २००९ पासून आणि कतारमध्ये २०१५ पासून वेतनसंरक्षण प्रणाली आहे, आणि पगार उशिरा झाला तर ते सरकारला दिसतं. इथली एक चोरी नीट ओळखा. पैसे खात्यात पूर्ण येतात, पण एटीएम कार्ड सुपरवायझरकडे असतं, किंवा काढल्यावर काही भाग परत मागतात. कागदावर सगळं चोख दिसतं. कार्ड आणि पिन कुणालाही देऊ नका. परत द्यावेच लागले तर त्याच दिवशी वहीत लिहा: किती, कुणाला, कुणासमोर.

समान कामाला समान वागणूक हा मूळ हक्क आहे. १९४९ च्या स्थलांतरितांच्या करारात, क्रमांक ९७ मध्ये, पगार, तास, ओव्हरटाईम, रजा, युनियनचं सभासदत्व यांत देशातल्या कामगारांपेक्षा कमी वागणूक देऊ नये असं म्हटलं आहे. तुमच्याच मशीनवरच्या स्थानिक कामगाराला किती मिळतं, ते विचारायला संकोचू नका.

धोक्याचं काम, ऊन आणि अपघात

जिवाला तात्काळ आणि गंभीर धोका आहे असं वाजवी कारणानं वाटलं, तर त्या जागेवरून बाजूला होण्याचा हक्क १९८१ च्या सुरक्षा करारात, क्रमांक १५५ मध्ये, आहे. सुरक्षित आणि आरोग्यदायी काम हा जून २०२२ पासून कामगारांच्या मूलभूत हक्कांत धरला जातो. हक्क वापरताना काम सोडून निघून जाऊ नका. बाजूला व्हा, सुपरवायझरला नेमका धोका सांगा, "पट्टा नाही, चौथ्या मजल्यावर कठडा नाही", आणि "पट्टा मिळाला की लगेच चढतो" हेही सांगा. मग तेच मेसेजनं पाठवा. नकार कामाला नव्हता, धोक्याला होता, हे त्यातून दिसतं. हेल्मेट, बूट, हातमोजे यांचे पैसे पगारातून कापत असतील तर तिथला नियम पाहा. बहुतेक ठिकाणी हा खर्च मालकाचा.

उन्हाबद्दल आखातात ठरलेले तास आहेत. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावरचं काम बंद. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी ३.३०. त्या वेळात काम करवून घेतलं तर तारीख आणि वेळ लिहा आणि कळवा. चक्कर, मळमळ, घाम अचानक थांबणं, बोलण्यात गोंधळ ही उष्माघाताची लक्षणं आहेत. सोबत्याला असं झालं तर सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि रुग्णवाहिका बोलवा. सुपरवायझरच्या परवानगीची वाट बघू नका.

अपघात झाला तर दवाखान्यात "कामावर लागलं" हे शब्द नोंदवून घ्या. कुणी "घरी पडलो म्हण, नाहीतर नोकरी जाईल" असं सांगेल. तसं म्हटलंत की नुकसानभरपाई गेली. दवाखान्याचे कागद, जागेचा फोटो, पाहणाऱ्या दोघांची नावं एवढं त्या आठवड्यातच जमवा. अपघाताच्या भरपाईत परदेशी आणि स्थानिक असा भेद नसावा, हा करार १९२५ सालापासून आहे.

तक्रार कशी करायची

आधी मालकाला लेखी. दोन-तीन ओळी पुरतात: अमुक महिन्यांचा पगार मिळाला नाही, एवढे तास ओव्हरटाईम बाकी, अमुक तारखेपर्यंत द्यावा. भाषा शांत ठेवा. धमकी, शिवी काही नको, कारण हाच मेसेज पुढे अधिकाऱ्यासमोर वाचला जातो.

मग कामगार खातं. या टप्प्यावर मुदतीनं माणसं मार खातात. सिंगापूरमध्ये पगाराचा दावा नोकरीत असताना १ वर्षाच्या आत आणि नोकरी सोडल्यावर ६ महिन्यांच्या आत करायचा. ऑस्ट्रेलियात थकलेल्या पगारासाठी ६ वर्षं आहेत, पण अन्यायानं काढून टाकल्याच्या अर्जाला फक्त २१ दिवस. जर्मनीतही काढून टाकल्याविरुद्ध ३ आठवड्यांत न्यायालयात जावं लागतं. अमेरिकेत किमान वेतन आणि ओव्हरटाईमच्या केंद्रीय कायद्याखाली २ वर्षं, आणि मालकानं जाणूनबुजून केलं असेल तर ३. "पुढच्या महिन्यात नक्की देतो" असं मालक तीनदा म्हणतो, तेव्हा कधीकधी तो ही मुदत संपायची वाट बघत असतो. पहिला पगार चुकला त्याच आठवड्यात, तुम्ही काम करता त्या देशातली मुदत शोधा आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा.

अर्जासोबत दोन पानांचा तक्ता जोडा: महिना, कामाचे तास, ठरलेला पगार, मिळालेला पगार, बाकी. शेवटी बेरीज. वहीच्या मूळ प्रती देऊ नका, झेरॉक्स द्या. अर्ज दिल्याचा क्रमांक किंवा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. दुभाषा मागा. तो मालकाच्या बाजूचा निघाला तर तिथल्या तिथे सांगा.

एकट्यानं जाण्यापेक्षा पाच जणांनी मिळून गेलात तर जास्त दखल घेतली जाते. जिथे युनियन आहे तिथे सभासद व्हा. सौदी अरेबिया आणि अमिरातीत युनियन आणि संपाला परवानगी नाही. तिथे काम बंद पाडण्याऐवजी सगळ्यांनी सह्या करून कामगार खात्यात अर्ज द्या आणि त्याची प्रत दूतावासाला पाठवा. दूतावास पगार वसूल करून देऊ शकत नाही, पण पासपोर्ट, दुभाषा, वकिलांची नावं, निवारा यांसाठी त्याचा आधार होतो. अटक झाली तर "माझ्या दूतावासाला कळवा" एवढं वाक्य त्या देशाच्या भाषेत पाठ करून ठेवा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानं तो हक्क दिला आहे.

नोकरी सोडण्याआधी थांबा

जिथे व्हिसा एका मालकाशी बांधलेला असतो, तिथे न सांगता जागा सोडली की मालक 'फरार' अशी नोंद करतो. मग थकलेला पगार मागायला गेलेल्या माणसालाच आधी पकडतात. म्हणून क्रम उलटा करू नका: आधी तक्रार, तिचा क्रमांक हातात, मग बाहेर. मारहाण किंवा लैंगिक अत्याचार होत असेल तर मात्र क्रमाचा विचार करत बसू नका. आधी सुरक्षित जागी जा, आणि त्याच दिवशी पोलीस, दूतावास किंवा मदतसंस्थेला कळवा.

नियम हळूहळू बदलत आहेत. कतारनं २०२० मध्ये नोकरी बदलायला जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागण्याची अट काढली. सौदी अरेबियानं मार्च २०२१ पासून काही अटींवर मुभा दिली, पण घरकामगारांना त्यातून वगळलं. कॅनडात जून २०१९ पासून, छळ होत असलेल्या किंवा तसा धोका असलेल्या कामगाराला दुसरीकडे काम करता येईल असा खुला परवाना मिळू शकतो. हाँगकाँगमध्ये घरकामगाराचा करार मोडला तर सर्वसाधारणपणे दोन आठवड्यांत देश सोडावा लागतो. तिथे तक्रार त्याच दिवसांत नोंदवावी लागते.

घरकामगारांचं वेगळं लिहायला हवं, कारण त्यांची कामाची जागा म्हणजे कुणाचं तरी बंद दार. २०११ च्या करारानं, क्रमांक १८९ नं, त्यांना आठवड्याला सलग २४ तास सुट्टी, पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क, आणि सुट्टीत त्याच घरात थांबायची सक्ती नाही हे मान्य केलं. परदेशी घरकामगाराला सीमा ओलांडण्याआधीच लेखी करार किंवा प्रस्ताव मिळाला पाहिजे. ज्या ताई घरकामाला जातात त्यांनी जाण्याआधी एका बहिणीशी किंवा मैत्रिणीशी सांकेतिक वाक्य ठरवावं. साधं, ऐकणाऱ्याला काही कळू नये असं. ते फोनवर आलं की तिनं दूतावासाला पत्ता कळवायचा. आणि पत्ता पोचल्या दिवशीच पाठवायचा, इमारतीच्या फोटोसह.

कागदपत्रं नसतील तर

परवाना संपला, किंवा मुळात नव्हताच, म्हणून केलेल्या कामाचा पगार बुडत नाही. १९७५ च्या करारात, क्रमांक १४३ मध्ये, झालेल्या कामाच्या वेतनाचा हक्क अशा कामगारालाही आहे. अमेरिकेत केलेल्या तासांचं किमान वेतन व्हिसा न बघता मागता येतं. युरोपीय संघाचा २००९ चा निर्देश तर, मालक आणि कामगार या दोघांपैकी कुणी वेगळं सिद्ध करेपर्यंत, अशा माणसानं किमान ३ महिने काम केलं असं धरून थकबाकी काढायला सांगतो. पण हक्क असणं आणि तक्रारीला गेल्यावर सुरक्षित असणं या दोन गोष्टी वेगळ्या. कामगार खातं इमिग्रेशनला माहिती देतं का, हे देशागणिक बदलतं. म्हणून थेट खिडकीवर जाण्याआधी युनियन, कायदेविषयक मोफत मदतकेंद्र किंवा स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या संस्थेला भेटा, आणि अर्ज त्यांच्यामार्फत करता येतो का ते विचारा.

परत निघताना

शेवटच्या आठवड्यात मालक एक कागद पुढे करतो: सगळा हिशोब मिळाला, काही बाकी नाही. विमान उद्या असतं, आणि "पैसे खात्यात येतील" असं सांगतात. पैसे मिळाले नसतील तर सही करू नका. करावीच लागली तर सहीच्या शेजारी, स्वतःच्या भाषेत का होईना, "रक्कम मिळाली नाही" असं लिहा, तारीख टाका आणि फोटो काढा. शेवटचा पगार, न घेतलेल्या रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी, तिकीट ही चार खाती वेगवेगळी तपासा. बँक खातं निघण्याआधी बंद करू नका.

दावा चालू असेल आणि जावंच लागत असेल, तर तिथे राहणाऱ्या भरवशाच्या माणसाला किंवा वकिलाला मुखत्यारपत्र द्या. ते नोटरी किंवा दूतावासाकडून, त्या देशात लागेल तसं, प्रमाणित करून घ्या. मायदेशी पोचल्यावर हेच करायला गेलं तर खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात.

भरलेले निवृत्तीचे हप्तेही विसरू नका. ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या व्हिसावर काम केलेल्याला, देश सोडून व्हिसा संपल्यावर, निवृत्तिनिधीची रक्कम मागता येते. जपानमध्ये किमान ६ महिने पेन्शनचे हप्ते भरलेल्या परदेशी कामगाराला एकरकमी परतावा मिळू शकतो, पण त्यासाठी देश सोडल्यापासून २ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. अर्जात पेन्शनचा क्रमांक लागतो. तो ज्या कागदावर आहे, त्याचा फोटो वहीच्या फोटोंसोबतच ठेवा.